वजन उतरले, पण उतरले काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या दिवशी गाणी व्हावीत, फुगड्या व्हाव्यात, त्यात हे रुक्ष भाषण कशाला, असे काही जणींच्या मनात आले असेल. ते साहजिकच आहे. परंतु चिटणीसबाईंनी विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविले, आणि विषय मला आपल्या मंडळाच्या खोलीतच सापडला. तेथे वजनाचा काटा ठेवलेला आहे आणि शेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. दर शनिवारी येऊन ज्या भगिनी आपले वजन लिहून जातात, त्यांची ती वही. ती मी चाळून पाहिली. एक गोष्ट ठळकपणे दिसली. पहिल्या आठवड्यात ज्यांचे वजन सर्वांत झपाट्याने उतरले, त्यांचीच नावे पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून वहीतून नाहीशी झालेली आहेत. ज्यांचे हळूहळू उतरत होते त्या मात्र अजून येत आहेत.

हे असे का व्हावे? आपल्यातल्याच एका मावशींनी त्याचे कारण आपल्या वऱ्हाडी बोलीत मला एका वाक्यात सांगितले. त्या म्हणाल्या, "माय, चार दिस भाकर सोडली तं दोन किलो उतरलं, अन् एका लग्नात जेवली तं सारं वापस आलं! मंग कायले उपाशी मरू?" मावशींचा हिशेब बरोबर आहे. मात्र जे उतरले आणि जे परत आले ते काय होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते पाणी होते. मेद त्यांच्या अंगावरून हललाच नव्हता म्हणा ना! आजचे माझे बोलणे एवढ्यापुरतेच आहे: उतरलेल्या वजनातले पाणी कोणते आणि मेद कोणता, हे घरच्या घरी कसे ओळखावे.

आपण खामगावच्या, म्हणजे कापसाच्या बाजारपेठेत राहणाऱ्या. कापूस विकावयास नेला की व्यापारी प्रथम काय पाहतो? ओलावा पाहतो. सरकारी खरेदीतही ओलावा शेकडा ८ च्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ च्या वर गेला तर माल परत नेण्याची पाळी येते. गाडीभर कापूस दोन दिवस उन्हात वाळला आणि वजन घटले, म्हणून "माझी रुई कमी झाली" असे कोणतीही शेतकरीण म्हणणार नाही. मग आपल्या देहाच्या बाबतीतच आपण इतक्या भोळ्या का होतो? साधारण ६० किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगात निम्मे, म्हणजे ३० किलोच्या आसपास, नुसते पाणी असते. त्यातले किलो-दोन किलो इकडचे तिकडे होणे ही रोजची घडामोड आहे. काटा सर्व मिळून वजन सांगतो. ओलावा किती आणि रुई किती, हे तो सांगत नाही.

खात्री पटत नसेल तर आज घरी जाऊन करून पाहा. काट्यावर उभे राहावे, आकडा पाहावा, खाली उतरून एक तांब्या पाणी प्यावे आणि लगेच पुन्हा उभे राहावे. तांब्या लिटराचा असेल तर वजन एक किलोने वाढलेले दिसेल. पाच मिनिटांत कोणी एक किलो लठ्ठ होत नाही, होय ना?

आता मावशींच्या दोन किलोंकडे वळू. आपण भाकरी, पोळी, भात खातो त्याची शेवटी साखर होते. लागेल तेवढी वापरून उरलेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. डॉक्टर लोक तिला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा फार मोठा नसतो, सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम. पण तो कोरडा राहत नाही. भिजत घातलेली डाळ जशी पाणी धरून फुगते, तसा हा साठा आपल्याबरोबर तिपटीच्या आसपास पाणी धरून बसतो. भाकरी-भात एकदम तोडला की शरीर प्रथम ह्या साठ्याला हात घालते, आणि साठा संपत आला की त्याने धरलेले पाणीही लघवीवाटे निघून जाते. अर्धा किलो साठा आणि त्याचे दीड किलो पाणी, असे मिळून चार-पाच दिवसांत दोन किलोपर्यंत वजन उतरते. पुढे लग्नात जेवलो, पुरणपोळी झाली, भात झाला, की साठा भरतो आणि पाणी आपल्या जागेवर येऊन बसते. ह्यात पाप काही नाही आणि पराक्रमही काही नाही.

भ्रमणध्वनीवर हल्ली जाहिराती येतात, "सात दिवसांत पाच किलो वजन कमी", त्या आता आपण हिशेबाच्या चाळणीतून काढू. एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठविलेले असतात. मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५८ साली हा हिशेब पौंडात मांडला होता, पौंडाला ३५०० उष्मांक. आज शास्त्रज्ञ त्यात बारकावे सांगतात, पण घरगुती अंदाजाला तो पुरतो. पाच किलो मेद म्हणजे ३८,५०० उष्मांक. सात दिवसांत भागले तर रोजचे ५५०० होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे कोष्टक दिले, त्यात ५५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज १६६० उष्मांकांची आणि मध्यम कष्ट करणारीची २१३० ची धरलेली आहे. म्हणजे ही बाई सात दिवस अन्नाचा कणही न घेता राहिली, तरी तिचा दोन किलो मेदसुद्धा जळणार नाही! मग जाहिरातीतले पाच किलो येतात कोठून? पाणी, आतड्यातले अन्न आणि दुर्दैवाने थोडे स्नायूंचे मांसही. असे पाच किलो विकत घेण्यासाठी लोक पैसे मोजतात, ह्याचे मला नवल वाटते.

ह्याच हिशेबाची दुसरी बाजू धीर देणारी आहे. रोजच्या खाण्यातून ५०० उष्मांक कमी झाले, तर दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास मेद जातो. एका मोठ्या लिंबाएवढा म्हणा. आठवड्याला साडेचारशे ग्रॅम. काट्यावर रोज एक लिंबू कमी झाल्याचे कळणार कसे? पाण्याच्या किलोभर चढउतारात ते लिंबू हरवून जाते. तरी ते गेलेले असते.

पाण्याची भरती-ओहोटी कशाकशाने होते, ते थोडक्यात सांगते. पहिले मीठ. सलाईनची बाटली सर्वांनी पाहिली आहे. त्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असते, कारण आपल्या रक्ताचा खारटपणा त्याच मापाचा आहे. तेव्हा जेवणात पापड, लोणचे, ठेचा, फरसाण असे मिळून चार-साडेचार ग्रॅम मीठ जादा गेले, तर तो खारटपणा सांभाळण्यासाठी शरीर अर्धा लिटर पाणी अडवून धरते. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा किलो वजन वाढते, बोटातली अंगठी घट्ट होते, आणि आपण मात्र काल खाल्लेल्या एका लाडवाला दोष देत बसतो. मूत्रपिंडे निरोगी असली तर हे पाणी दोन-तीन दिवसांत जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणे घालताना हा हिशेब कोणी करीत नाही.

दुसरे कारण आपल्या स्त्रीजातीचे आहे, आणि ह्या सभेत सर्व बायकाच आहेत तेव्हा संकोच नको. मासिक पाळीच्या आधीचे काही दिवस पुष्कळ जणींच्या अंगात पाणी साचते, कोणाचे अर्धा किलो, कोणाचे दोन किलोपर्यंतही. पाळी सुरू झाल्यावर ते आपोआप उतरते. म्हणून ज्यांना पाळी येते त्यांनी ह्या महिन्यातल्या त्या दिवसांची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी. मागच्या आठवड्याशी केली तर उगीच रडू येते. बद्धकोष्ठ झाले तरी काटा चढतो, आणि अचानक खूप व्यायाम केल्यावर स्नायू दुखतात तेव्हाही ते थोडे पाणी धरून ठेवतात. नवीन योगवर्गात जाऊ लागलेल्या कित्येक जणी पहिल्याच आठवड्यात वजन वाढले म्हणून तक्रार करतात, त्याचे कारण बहुधा हेच.

आणि घाम! आपण घाटाखालच्या माणसांना घाम म्हणजे काय हे सांगावयास नको. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे दुपारी दोन तास शेतात उभे राहिले तर अंगावरचे लुगडे पिळून निघते. पण घाम गळणे म्हणजे चरबी वितळणे नव्हे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा आपल्यापैकी कित्येक जणी खामगावहून शेगावपर्यंत तिच्यासंगे पायी जातात. सुमारे १७ किलोमीटरची चाल. घरी येऊन काट्यावर उभे राहिले तर दीड-दोन किलो कमी भरतात. ह्या चालीला साधारण सातआठशे उष्मांक लागतात. सर्वच्या सर्व मेदातून आले असे धरले, तरी मेद गेला तो शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. बाकी सारा घाम. वाटेतल्या फराळाचा हिशेब मी धरीत नाही, तो ज्याचा त्याने धरावा. वारीचे पुण्य काट्यावर मोजावयाचे नसतेच, पण प्रकृतीला तिचा फायदा होतो तो चालण्याची सवय लागल्याने. घाम गळाल्याने नव्हे.

घामाने वजन उतरविण्याचे टोक काय असते, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशाने पाहिले. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात खेळत होती. ६ ऑगस्टला तिने तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. त्या संध्याकाळी, दिवसभराचे खाणेपिणे झाल्यावर, तिचे वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो अधिक भरले. रात्रभर व्यायाम, उष्ण कोठडीत घाम काढणे, अन्नपाणी बंद, शेवटी केससुद्धा कापले, आणि तरीही सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले. ती बाद झाली, आणि नंतर तिला शिरेतून पाणी चढवावे लागले. विचार करा: एका दिवसात अडीच-पावणेतीन किलो चढते आणि एका रात्रीत जवळजवळ तेवढेच उतरते. ह्यात मेद कोठे आहे? सर्व पाण्याचा खेळ, आणि तोही डॉक्टर उशाशी असताना. आपण घरात पोटाला जाड पट्टे बांधून, पाणी न पिता, पदर खोचून हा खेळ करावयाचा म्हणजे धोक्याला आमंत्रणच.

मग मेद जळतो तेव्हा जातो कोणीकडून? ह्याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी, मीरमन आणि ब्राउन यांनी, ह्याचा चोख हिशेब प्रसिद्ध केला. दहा किलो मेद जळला तर त्यातील ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे मेद मुख्यतः नाकातोंडातून जातो! तो घामाच्या धारांनी दिसणार नाही, शौचाला दिसणार नाही. रेचक घेऊन पोट साफ केल्याने तो तसूभरही हलत नाही.

आतापर्यंत मी एकच बाजू सांगितली, की वजन उतरते पण मेद जात नाही. ह्याच्या उलटही होते, आणि ते अधिक फसविणारे असते. मेद जात असतो, देह खंगत असतो, आणि काटा मात्र जागचा हलत नाही. ह्याचे उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे. १३ जानेवारी १९४८ रोजी महात्माजींनी दिल्लीस बिर्ला भवनात उपवास आरंभिला. पहिल्या दिवसांत वजन उतरत गेले आणि मग १०७ पौंडांवर येऊन थांबले. पोटात अन्न नाही आणि वजन उतरत नाही! वरवर पाहणाऱ्याला वाटावे, बरे झाले, प्रकृती टिकून आहे. डॉक्टरांची चिंता मात्र त्यानेच वाढली. मूत्रपिंडे नीट काम करीत नव्हती आणि प्यालेले पाणी अंगात साचत होते. मेद आणि मांस जात होते, त्यांची जागा पाणी घेत होते, आणि काट्यावर दोन्हींची वजाबाकी-बेरीज बरोबर होत होती. १८ जानेवारीस उपवास सुटला तेव्हा देशाने सुटकेचा श्वास सोडला.

त्याच्या थोडे आधी, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून काय होते ते पाहिले. त्यांचीही वजने उतरली, पण पुढे घोटे आणि चेहरे सुजले. दुष्काळात माणसे सुजतात असे आपल्या आजीपणजीने सांगितलेले आपण ऐकले आहे, ते हेच. अंगणवाडीताई आजही मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का पाहतात. मूल गुटगुटीत दिसते म्हणून आजी खूष असते, आणि ती सूज असते कुपोषणाची. अशा मुलाला योग्य आहार सुरू झाला की आरंभी त्याचे वजन वाढण्याऐवजी कमी होते, कारण सूज ओसरते. घरच्यांनी तेव्हा घाबरून उपचार सोडू नयेत.

असो. आता ओळखावयाचे कसे, ते सांगते.

माझा स्वतःचा भरवसा दोन साध्या वस्तूंवर आहे, बांगडी आणि नाडी. बांगडी, अंगठी, जोडवी ही पाण्याची मापे. आज घट्ट, परवा सैल, असे झाले तर अंगात पाणी चढले आणि उतरले एवढाच त्याचा अर्थ. परकराची नाडी हे मेदाचे माप. ती एका दिवसात सरकत नाही. पण दोन महिन्यांनी नाडीची गाठ दोन बोटे आत आली, पोलक्याचा हुक ओढावा लागेना, तर काटा काही का म्हणेना, मेद गेलेला आहे. गॅसाने पोट फुगले असेल तर नाडीही फसविते, म्हणून रोज पाहू नये.

त्याहून नेमके हवे असेल तर शिंप्याचा फीत-टेप घ्यावा. सकाळी अनशापोटी, सरळ उभे राहून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर घेर मोजावा. पोट आत ओढावयाचे नाही. टेपाला फसवून काय मिळणार? महिन्यातून दोनदा पुरे. आपल्याकडच्या स्त्रियांत हा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराची भीती वाढते, असे डॉक्टर मानतात.

काट्याचा मी त्याग करा म्हणत नाही. त्याला प्रश्न नीट विचारावा एवढेच. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण त्याच कपड्यांत वजन करावे आणि सात दिवसांची सरासरी काढावी. समजा, एका आठवड्यात सोमवारपासून ६८.४, ६७.९, ६८.८, ६८.२, ६८.०, ६९.१, ६८.४ असे आकडे आले. पुढच्या आठवड्यात ६८.२, ६७.६, ६७.८, ६८.५, ६८.०, ६७.७, ६८.२ असे आले. पहिल्या आठवड्यातला मंगळवार आणि दुसऱ्यातला गुरुवार एवढेच पाहिले तर वजन ६०० ग्रॅमनी वाढले म्हणून बाई कपाळाला हात लावील. सरासरी काढली तर पहिला आठवडा ६८.४ आणि दुसरा ६८.०. चारशे ग्रॅम उतरले! आपल्या वहीत शनिवारचा एकच आकडा असतो, म्हणून ती वही इतकी छळते. ज्यांच्या घरी काटा नाही त्यांनी चार शनिवारांची सरासरी पुढच्या चारांशी ताडून पाहावी.

काही नव्या काट्यांवर पाय ठेवला की मेद शेकडा किती तेही आकड्यात दिसते. ते यंत्र अंगातून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज करते, आणि वीज वाहते ती पाण्यातून. तेव्हा अंगात पाणी कमी असेल तर ते मेद जास्त दाखविते. त्या आकड्यावर दिवसादिवसाचा विश्वास ठेवू नये.

डॉ. श्रीकांत जिचकार हे आपल्या विदर्भाचे. २००४ साली ते अपघातात गेले. त्यांच्या व्याख्यानावरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर पोहोचविली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडे खावे असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर. ह्या दोन पंथांवरून घराघरांत वाद झाले आहेत, त्यात मी पडत नाही. कोणत्याही पंथाला आपण गेलात तरी पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून गुरू थोर ठरवू नका आणि एका लग्नाच्या जेवणावरून खोटाही ठरवू नका. दीक्षित स्वतः आरंभी आणि तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावयास सांगतात, ती गोष्ट मला पटते. तीन महिने ही मेदाची मुदत आहे. ज्या भगिनी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेतात, त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरून जीवावर बेतते.

आता जे सांगावयाचे त्यासाठीच मुख्यतः मी हा विषय घेतला. आपल्या परिचयातील एका भगिनीने सासूबाईंच्या पायांच्या सुजेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या लघवी वाढविणाऱ्या गोळ्या गुपचूप स्वतः घेतल्या. कोणी तरी सांगितले की ह्याने वजन झटकन उतरते. उतरले खरे, तीन दिवसांत. चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. ह्या गोळ्या पाण्याबरोबर अंगातले पोटॅशियमसारखे क्षारही घेऊन जातात. ते फार कमी झाले तर हृदयाचा ताल बिघडतो. मेद त्या एक ग्रॅमही नेत नाहीत. सासूबाईंनी मात्र माझे हे बोलणे ऐकून आपल्या गोळ्या बंद करावयाच्या नाहीत. त्यांच्या अंगात साचलेले पाणी काढणे हेच त्या गोळ्यांचे काम आहे.

काटा अशा वेळी दुखण्याची सूचनाही देतो. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्या माणसाचे वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोने वाढले, धाप लागू लागली, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा राहू लागला, तर ते जेवणाने नव्हे. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. गरोदर सुनेचे हात आणि चेहरा एकाएकी सुजला, डोके दुखू लागले, तर "पहिलटकरीण आहे, व्हायचेच" म्हणून घरी बसू नये. आणि काही न करता वजन उतरते आहे, तहान फार लागते, रात्री चार-चारदा लघवीला उठावे लागते, असे असेल तर "बारीक झाले" म्हणून आनंद मानण्याआधी रक्तातली साखर पाहून घ्यावी.

व्याख्यानानंतर भगिनींनी प्रश्न विचारले. त्यातील तीनांची उत्तरे चिटणीसबाईंच्या आग्रहावरून येथे देते.

एका काकूंनी विचारले, हरतालिकेला निर्जळ राहिले की दुसऱ्या दिवशी किलोभर कमी भरते, ते तरी मेदाचे ना? नाही. श्वास, त्वचा आणि लघवी यांवाटे दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी जातेच, ते भरून आले नाही एवढेच. लघवी गडद पिवळी होते ती ह्याचीच खूण. व्रत श्रद्धेने करावे, पण वजनासाठी म्हणून करू नये, आणि मधुमेही, गरोदर, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या भगिनींनी पाणी सोडूच नये. साबुदाण्याच्या एकादशीने तर वजन कमी होण्याचा प्रश्नच नाही. मूठभर दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप घातलेली बशीभर खिचडी सव्वाचारशे-साडेचारशे उष्मांकांच्या घरात जाते.

दुसरीने विचारले, वजन कमी करताना मांस झडू नये म्हणून काय करावे? डाळ, हरभरा, दूध, ताक, अंडी चालत असतील तर अंडी, ह्यांतले काही प्रत्येक जेवणात असू द्यावे, आणि अंगाला जोर पडेल असे काम करावे. दळण उचलणे, पाण्याची घागर उचलणे हेही चालते. नुसत्या काकडी-टोमॅटोवर राहणाऱ्या बाईचे मांस आधी जाते आणि हातपाय गळतात.

तिसरा प्रश्न सर्वांत चांगला होता. "सहा आठवडे झाले, सरासरीही हलत नाही आणि नाडीही हलत नाही. आता पाण्याला दोष द्यावा का?" नाही हो! दोन्ही हलत नसतील तर जेवढे जाते तेवढेच येते आहे, असे समजावे. अशा वेळी मी भाकऱ्या मोजावयास सांगत नाही, किराणा यादी पाहावयास सांगते. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला ३३ ग्रॅम होते, म्हणजे नुसत्या तेलाचे तीनशे उष्मांक, आणि शेंगदाण्याची चटणी त्याखेरीज. पुढच्या महिन्याच्या यादीत तेल तीन किलो लिहून पाहावे. भाजीची चव कोणाच्या लक्षातही येणार नाही, आणि माणशी जवळजवळ तीनशे ग्रॅम मेदाचे उष्मांक महिन्यात वाचतील.